हलगे टेकून बसत नसत

मन्मथ हलगे सिनेमाच्या खुर्चीत कधी टेकून बसले नाहीत. सिनेमा दीड तासाचा असो की तीन तासांचा, त्यांची पाठ आणि खुर्ची यांच्यात चार बोटांचं अंतर राहायचं. मी नांदेडच्या दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो तेव्हा ते आमच्या पुरवणीचं काम पाहत. निवृत्तीनंतरही शुक्रवारचं सिनेमा परीक्षण त्यांच्याकडेच राहिलं. बाराचा खेळ, चौथी रांग, कडेची खुर्ची, स्वतः काढलेलं तिकीट. तिकिटामागे पेन्सिलीनं दोन-तीन नोंदी करायच्या आणि संध्याकाळी सहाच्या आत साडेतीनशे शब्द द्यायचे. तिकिटं मोबाइलवर आली तेव्हा त्यांनी उदबत्तीचे पुडे फाडून त्यांच्या पुठ्ठ्याचे तुकडे खिशात ठेवायला सुरुवात केली. त्यांच्या टेबलाला कायम मोगऱ्याचा वास यायचा तो त्यामुळे.

टेकत का नाही, असं मी एकदा विचारलं होतं.

"टेकलं की माणूस मानून घेतो," ते म्हणाले.

दुसरी सवय म्हणजे शेवटची पाटी जाईपर्यंत उठायचं नाही. दिवे लागायचे, लोक निघून जायचे, झाडूवाली बाई पहिल्या रांगेपासून कामाला लागायची आणि हलगे प्रकाशयोजनेच्या तिसऱ्या सहायकाचं नाव वाचत असायचे. "त्याच्या घरचे तेवढ्यासाठी आलेले असतात," ते म्हणायचे. "आपण न्हाई वाचलं तर कोण वाचणार?"

बोलण्यात त्यांनी लातूरकडची बोली कधी सोडली नाही. लिहिण्यात ती एकदाही येऊ दिली नाही.

एका चित्रपटगृहाचे व्यवस्थापक त्यांच्यावर नाराज होते. ते एकदा कार्यालयात आले आणि हलग्यांसमोर बसून म्हणाले, "हलगेसाहेब, तुमचं वाचून लोक येत न्हाईत हो. जरा गोड लिहायला काय जातं?"

"माझं वाचून लोक येत न्हाईत हे तुमाला कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे, आसं वाटतं."

"मग वाटतं म्हणा."

"कोणी सांगितलं?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. बातमीदाराला विचारायचे, शिपायाला विचारायचे आणि सर्वांत जास्त पडद्यावरच्या नायकाला विचारायचे. रहस्यपट पाहून आले की त्यांच्या पुठ्ठ्यावर हमखास असं काहीतरी असायचं: "मध्यंतरानंतर बारा मिनिटं. खुनी डावखुरा आहे हे ह्याला कोणी सांगितलं?"

भुताखेतांच्या सिनेमांचा त्यांना तिटकारा असेल असं लोकांना वाटे. उलट होतं. इतर सिनेमांपेक्षा ते तिथे जास्त अपेक्षेनं जायचे. या प्रकारात दिग्दर्शकाला शब्द पाळावा लागतो, असं त्यांचं म्हणणं. "भूत हाय तर शेवटपर्यंत हाय म्हणा. न्हाई तर न्हाई म्हणा. दोन तास न्हाई न्हाई म्हणायचं आन् जाता जाता डोळा मारायचा, ही चोरी हाय." हिंदीत दरवर्षी असे दोन-चार सिनेमे येत आणि दरवर्षी ही चोरी होत असे. हलगे दरवर्षी नव्यानं चिडत.

उमरी तालुक्यातल्या एका गावात एका घरावर दगड पडतात, अशी बातमी आली होती. बातमीदारानं भानामतीचा मथळा लावून ती पाठवली. हलग्यांनी ती बाजूला ठेवली, सकाळची एसटी पकडली आणि दिवसभर त्या घराच्या अंगणात, ताठ, बाजेच्या कडेवर बसून राहिले. चार वाजता एक दगड पडला. परत येऊन त्यांनी बातमी नव्यानं लिहिली: दगड शेजारच्या माळवदाच्या दिशेनं आला, दोन घरांत जागेचा वाद आहे. शेजाऱ्याचं नाव नव्हतं.

"नाव टाका की," बातमीदार म्हणाला. "तोच फेकतोय."

"मी दगड येताना बघितला. हात बघितला न्हाई."

हे सगळं अशासाठी लिहिलं की पुढे जे झालं ते या माणसाच्या हातून झालं, हे कळावं.

एके दिवशी मुंबईहून एक मुलगी कार्यालयात आली. वय पंचविशीचं, बोलणं नम्र. एका हिंदी सिनेमासाठी माहिती गोळा करण्याचं काम तिच्याकडे होतं. कथा लातूर जिल्ह्यातल्या एका गावात घडते, त्यात लिंगायतांचा अंत्यविधी आहे आणि तो कुठेही चुकीचा दिसू नये, असं तिनं सांगितलं. "सर, आम्हाला सगळं अस्सल हवंय."

हलगे स्वतः लिंगायत. शिरूर अनंतपाळहून निलंग्याकडे जाताना आत वळलं की त्यांचं गाव लागतं. त्यांच्यात मृताला जाळत नाहीत, बसवून समाधी देतात. स्नान घालून, कपाळाला विभूती लावून, डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवून माणसाला मांडी घालून बसवतात. खड्ड्याच्या एका भिंतीत देवळीसारखा कोनाडा खणलेला असतो, त्यात त्याला ठेवतात. मग बेलाची पानं, विभूती, मीठ आणि शेवटी माती. गेलेला माणूस ध्यानाला बसला आहे, असं मानतात. त्या जागेला रुद्रभूमी म्हणतात.

हलग्यांनी तिला चार पानं लिहून दिली. सुवाच्य अक्षर, बाजूला कोनाड्याची आकृती, लांबी-रुंदीसकट. मी म्हणालो, भुताचा सिनेमा दिसतोय, जरा जपून. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "माहिती न्हाई म्हणून लोक चुकतात. नीट माहिती दिल्यावर कामून चुकतील?"

आयुष्यभर बातम्या तपासलेल्या माणसालाच ही चूक करता येते. छापून आलेलं वाईट हे अपुऱ्या माहितीतून येतं, असं आम्हाला शिकवलेलं असतं.

ते तिला गावी घेऊनही गेले. गावात त्यांची मोठी बहीण राहते, आक्का. तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. गावातल्या गावातच दिलेल्या. आई लवकर गेल्यावर त्यांनीच हलग्यांना वाढवलं. हलग्यांनी लग्न केलं नाही, त्यामुळे त्यांचं घर म्हणजे आक्कांचंच घर. आक्कांनी पाहुणीसाठी गव्हाची गोड हुग्गी केली. पोरीनं दोनदा मागून घेतली. मग आक्का तिला घेऊन रुद्रभूमीत गेल्या आणि नवऱ्याच्या समाधीपाशी उभं राहून म्हणाल्या, "हे ह्यांचं. माझी जागा हितं, ह्यांच्या डाव्या हाताला. बसले की दोघं पुन्हा बोलत बसू."

मुलीनं विचारलं, हे मोबाइलवर घेऊ का. आक्कांनी पदर सारखा केला आणि पुन्हा एकदा सांगितलं. हे सगळं हलग्यांनी परत आल्यावर मला सांगितलं.

दोन वर्षांनी सिनेमा आला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर कुणीतरी बघेल.

त्या शुक्रवारी मी हलग्यांबरोबर गेलो, शेजारच्या खुर्चीत बसलो. कथा अशी: शहरातला एक पोलीस अधिकारी गावात येतो. गावात तीन माणसं मेलेली आहेत आणि तिघांनाही मेल्यानंतर कुणी ना कुणी पाहिलं आहे. पहिला तास बरा होता. हलगे पुढे झुकले होते. मग हलग्यांच्या गावची रुद्रभूमी आली. त्यांनी सांगितलेली तीच बाभळ, तोच दगडी कठडा. एक म्हातारी एका समाधीपाशी उभी राहून हिंदीत म्हणाली की तिची जागा इथे आहे, नवऱ्याच्या डाव्या हाताला, बसल्यावर दोघं पुन्हा बोलतील. पदर सारखा करणंही तेच.

म्हातारी मरते. तिला बसवतात. बेल, विभूती, मीठ. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो, खूप वेळ थांबतो आणि ती डोळे उघडते. मध्यंतर. मागच्या रांगेत कुणीतरी शिट्टी मारली.

मध्यंतरानंतर सिनेमा विसकटला. गावातला डॉक्टर लोकांना औषध देऊन मेल्यासारखं करतो, मग त्यांना उकरून काढतो, असा उलगडा निघाला. का, ते नीट सांगितलं नाही. अधिकाऱ्याला हे कसं कळलं, तेही नाही. डॉक्टर पकडला गेला, म्हणजे भूत नव्हतं. आणि अगदी शेवटी मिठातून म्हातारीचा हात वर आला, म्हणजे होतं. लोक हसत बाहेर पडले. मुलाच्या खांद्यावर हात टाकून एक माणूस म्हणाला, "येडं बनवलं राव."

हलगे बसून होते. पाट्या सरकत होत्या. बऱ्याच खाली "विशेष आभार" आलं आणि त्यात त्यांचं नाव होतं. त्यांनी ते वाचलं, पुढचीही सगळी वाचली. झाडूवाली बाई येऊन उभी राहिली.

"साहेब, झालं."

"हाव," ते म्हणाले. "झालं."

त्यांच्या हातातला पुठ्ठा कोरा होता.

कार्यालयात मी म्हटलं, चुका काढा, आपण खुलासा मागू. त्यांनी कपाटातून त्या चार पानांची प्रत काढली आणि तासभर एकेक ओळ आठवून ताडून पाहिली. कोनाड्याचं माप बरोबर. इष्टलिंग डाव्या तळहातावरच. मिठाआधी बेल, तेही बरोबर.

"चूक एकबी न्हाई," ते म्हणाले. "सगळं माझ्या कागदावरचं हाय. नुसते डोळे त्यांनी उघडले."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मात्र पेन्सिल मोडली होती आणि ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

परीक्षण त्यांनी वेळेत दिलं. रहस्य कुठे फसलं, हे सात वाक्यांत. शेवटचा परिच्छेद असा होता: "या चित्रपटातील अंत्यविधीची सर्व माहिती प्रस्तुत समीक्षकाने दिली होती. ती अचूक होती. तिचे काय केले जाईल हे त्याने विचारले नाही, ही त्याची चूक आहे."

संपादक म्हणाले, "वाचकाला काय करायचंय हे? आणि तुमच्याच गावाकडचे लोक तुमच्यावर उठतील." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "ते शेवटचं काढा."

मी काढलं. मोकळ्या झालेल्या जागेत "लातूरच्या मातीत चित्रित" अशी चौकट आली. तिच्यात डोळे उघडलेल्या म्हातारीचं छायाचित्र होतं. ती चौकटही मीच लावली. काढलेला तो परिच्छेद छापायला मला एवढी वर्षं आणि ही दुसरी जागा लागली.

पंधरा दिवसांनी आक्कांचा मुलगा बसवराज याचा फोन आला. रुद्रभूमीत रील करायला पोरं येत होती. लातूरहून, निलंग्याहून, मोटारसायकलवर तिघं तिघं. समाधीवर मांडी घालून बसायचं, डोळे मिटायचे, मग एकदम उघडायचे. गावानं फाटकाला कुलूप घातलं तर पोरं कठड्यावरून उतरू लागली. पण बसवराजचा फोन त्यासाठी नव्हता. "मामा, आई कायतरीच बोलूलाली. तुमी या."

रविवारी मी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेलो. गाडीतही ते टेकले नाहीत.

आक्का ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"जेवलास का?"

"जेवलो."

"खोटं बोलू नको. तोंड बघ कसं झालंय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे बी तुमच्या पेपरातले का? बसा. ह्याच्यासारखं बसू नका, नीट टेका."

त्यांनी आणखी दोन शेंगा फोडल्या. मग त्या म्हणाल्या, "नातीनं मोबाइलवर दाखवलं. ती बाई माझं बोलूलाली. हिंदीत. त्यांयला हे कोणी सांगितलं गा, मन्मथ?"

हा प्रश्न हलग्यांनी मला, बातमीदारांना आणि किती नायकांना विचारला असेल, त्याची मोजदाद नाही. तो त्यांना कुणी विचारलेला मी पहिल्यांदा ऐकला.

"मी सांगितलं, आक्का."

"मग नीट सांगितलं नसशील."

"नीटच सांगितलं."

"मी बी नीटच सांगितलं की त्या पोरीला. चांगली होती पोरगी." शेंग हातात तशीच राहिली. "हे बघ. बसवराजला सांगितलंय, तुलाबी सांगते. मला बसवू नका. आडवं करा, जाळा, काय बी करा. पण बसवू नका."

"आक्का, तो सिनेमा हाय."

"मला ठावं हाय सिनेमा हाय. मी येडी न्हाई. पण डोळे मिटले की तीच बाई दिसूलाली. ह्यांच्या शेजारी बसलीय. माझ्या जागंवर."

आक्कांनी हलग्यांच्या हातावर सोललेले दाणे दिले, लहान मुलाला द्यावेत तसे. ते मुठीत धरून बसून राहिले.

त्यानंतर आक्का नवऱ्याच्या समाधीकडे जाईनात. दर सोमवारी बेल वाहायला जायच्या, ते थांबलं.

हलग्यांनी निर्मात्यांना पत्र लिहिलं. मागणी एकच होती: ती म्हातारीची वाक्यं आणि उघडणारे डोळे काढा. उत्तर आलं. चित्रपट पूर्णपणे काल्पनिक आहे, कुणाच्याही भावना दुखावण्याचा हेतू नव्हता आणि आपल्या मोलाच्या सहकार्याची नोंद श्रेयनामावलीत घेतलेली आहे. त्यांनी दुसरं पत्र लिहिलं, तिसरं लिहिलं. त्यांना उत्तरं आली नाहीत. त्या मुलीचा फोन लागेना. तिच्यावर मला राग धरता येत नाही. तिनं सगळं अस्सल मागितलं आणि अस्सल नेऊन दिलं. राग त्या माणसांचा येतो ज्यांनी ते हातात घेऊन विचार केला असेल की आता हिचे डोळे उघडू. त्यांना दुसरं काही सुचलं नाही. रहस्य सांभाळता आलं नाही, उलगडा जुळवता आला नाही. मग एका म्हातारीची मरणाची जागा होती, ती वापरली. आणि सिनेमा तरीही वाईट झाला. चांगला झाला असता तर बरं झालं असतं, असं मी म्हणत नाही. पण आक्कांचं जे गेलं ते निदान कशासाठी गेलं, हे तरी कळलं असतं.

मग हलगे दर रविवारी गावी जाऊ लागले. पहाटे नांदेडहून लातूरची एसटी, लातूरहून निलंग्याची, पुढे मिळेल ते. रुद्रभूमीच्या फाटकाशी एक दगड आहे, त्यावर ते दिवसभर बसत. उन्हात, डोक्यावर रुमाल, पाठ ताठ. आक्का बसवराजच्या हाती भाकरी पाठवत, स्वतः येत नसत. एका रविवारी मी सोबत होतो. मोटारसायकलवरून तिघं आले.

"कुठं निघाले?" हलग्यांनी विचारलं.

"आत, काका. रील करायचीय. भुताची."

"हितं भूत हाय हे कोणी सांगितलं?"

"सिनेमात हाय की."

"सिनेमावाल्यांना कोणी सांगितलं?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. एक म्हणाला, "आमाला काय म्हाईत."

"मी सांगितलं. शेवटाला नाव हाय माझं, बघा. तुमी उठून गेला आसाल. आता मीच सांगतो, न्हाई. फिरवा गाडी."

एकानं गाडी वळवता वळवता म्हटलं, "काका, तुमीच हाव का भूत?" बाकीचे हसले. हलगे हसले नाहीत. पण गाडी दिसेनाशी झाल्यावर म्हणाले, "प्रश्न बरोबर इचारला त्यानं. सगळ्यात शहाणं तेच हाय."

असे सात-आठ महिने. पोरं कमी झाली, मग थांबली. सिनेमाही लोक विसरले. आक्का विसरल्या नाहीत. हलगे दर रविवारी संध्याकाळी निघताना विचारत, आक्का, काय ठरवलं. आक्का म्हणत, सांगितलंय ना एकदा.

एका मंगळवारी सकाळी हलगे नांदेडच्या घरी वारले. चहाचा कप अर्धा होता. मी पोचलो तेव्हा शेजारी जमले होते. दुपारी आम्ही त्यांना गावी घेऊन गेलो.

ओसरीवर त्यांना बसवलं. कपाळाला विभूती, मान सरळ राहावी म्हणून मागून बांधलेला पंचा. आक्का आत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. बायका त्यांना बाहेर आणायला गेल्या तर त्यांनी हात झटकला. बसवराज मला हळूच म्हणाला, "आई येणार न्हाई. मामाला बसलेलं बघू शकणार न्हाई म्हणते."

विमान उचललं. खुर्चीसारखी सजवलेली तिरडी, वर केळीचे खुंट. मठातले स्वामी पुढे, भजनवाले मागे. रुद्रभूमीचं फाटक उघडं होतं. तो दगड रिकामा होता.

त्यांना खाली उतरवून कोनाड्यात ठेवलं. डाव्या तळहातावर इष्टलिंग. स्वामींनी बेलाची पानं हातात घेतली आणि तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. आक्का आल्या होत्या. नातीच्या खांद्यावर हात, पायात चप्पल नाही. त्या खड्ड्याच्या काठाशी आल्या, वाकल्या आणि भावाच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. सिनेमात कॅमेरा थांबला होता, त्याहून जास्त वेळ. स्वामी थांबले. भजन थांबलं. मला वाटतं, तिथे जमलेल्यांपैकी ज्यांनी तो सिनेमा पाहिला होता, त्या प्रत्येकाच्या मनात त्या क्षणी एकच गोष्ट होती आणि प्रत्येकाला तिची लाज वाटत होती.

हलग्यांचे डोळे मिटलेलेच राहिले.

आक्कांनी श्वास सोडला. मग खड्ड्यात उतरलेल्या बसवराजला म्हणाल्या, "मागं टेकवलंस का त्याला?"

"हाव आई."

"काढ. जरा पुढं घे. तो टेकत न्हाई."

बसवराजनं स्वामींकडे पाहिलं. स्वामींनी मान हलवली. बसवराजनं पाठीमागे मिठाची एक पुरचुंडी सरकवली आणि हलगे चार बोटं पुढे आले.

आक्का सरळ झाल्या, नवऱ्याच्या समाधीकडे गेल्या आणि तिच्या डाव्या बाजूच्या मोकळ्या जमिनीवर पाय ठेवून उभ्या राहिल्या. त्यांनी पदर सारखा केला.

"माझी जागा हितं," त्या म्हणाल्या. "बसवायचं."

मग बेल पडला, विभूती पडली, मीठ पडलं. मी काठावर होतो. मीठ गुडघ्यांवर आलं, छातीपर्यंत आलं. शेवटी दिसलं ते कपाळ आणि ताठ मान.

मी माती संपेपर्यंत थांबलो.